नव्या एक्स्टेन्शनचं डोमेन घ्यायचंय? आधी रिन्युअलचा भाव बघा

चार वर्षांपूर्वी मी पुढे विकायला म्हणून एक डोमेन (वेबसाइटचं नाव) ९९ रुपयांना घेतलं. नाव झकास, एक्स्टेन्शन (ठिपक्यानंतरचा भाग) नवं. वर्षभराने रिन्युअलचं बिल आलं ते २,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. फसवणूक वगैरे नव्हती. आकडा पहिल्या दिवसापासून पानावर होता, मीच ९९च्या पुढे वाचलं नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. कार्टमध्ये टाका आणि हात आवरा

नाव कार्टमध्ये टाकलं की पैसे भरण्याआधी रिन्युअलचा भाव वाचा. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. डॉट कॉमची भाववाढ करारातल्या मर्यादेतच करता येते. २०१२ मध्ये आयकॅनने (डोमेन नावांची व्यवस्था बघणारी संस्था) अर्ज मागवून जी शेकडो नवी एक्स्टेन्शन्स आणली (डॉट क्लब, डॉट गुरू, डॉट एक्सवायझेड, डॉट ॲप), त्यांना असं कुंपण नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्री या कंपनीने डॉट होस्टिंगचा वर्षाचा भाव वीसएक डॉलरवरून थेट ३०० वर नेला. भाववाढीची सूचना रजिस्ट्रीने (एक्स्टेन्शन चालवणारी कंपनी) रजिस्ट्रारला (आपल्याला नाव विकणारी कंपनी) सहा महिने आधी द्यावी लागते आणि तेवढ्या मुदतीत जुन्या दराने १० वर्षांपर्यंत रिन्यू करता येतं. रजिस्ट्रारची मेल स्पॅममध्ये पडून राहिली, तर ही संधी हुकते.

प्रीमियमची गंमत वेगळी. रजिस्ट्रीने चांगले शब्द आधीच बाजूला काढून त्यांना चढा भाव लावलेला असतो. काही नावांना तो पहिल्या वर्षापुरता, काहींना दरवर्षी. कोणतं ते स्क्रीनवर स्पष्ट दिसत नसेल तर रजिस्ट्रारच्या सपोर्टला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दरवर्षीचं प्रीमियम असेल तर मी नाव सोडतो, कितीही आवडलं तरी. एक तर विकलं जाईपर्यंत ते आपलाच खिसा कापतं. शिवाय पुढे तो हप्ता आपल्याच गळ्यात पडणार हे गिऱ्हाइकालाही दिसतं, आणि तो तेवढी घासाघीस करतोच.

२. ठिपक्याच्या दोन्ही बाजू एका दमात वाचा

२०१८ मध्ये 'व्हेकेशन डॉट रेंटल्स' ५,००,३०० डॉलरला गेलं. का गेलं? कारण लोक बोलतात तोच शब्दप्रयोग तिथे अख्खा आहे, मध्ये फक्त ठिपका. 'व्हेकेशन डॉट गुरू'ला ती किंमत आली नसती. नव्या एक्स्टेन्शनमध्ये डावीकडचा शब्द एकटा कितीही भारी असून चालत नाही, उजवीकडच्याशी त्याचा जोडा जमावा लागतो.

मग फोनवर चाचणी घ्या. मी मामाला नाव सांगतो.

"सोलर डॉट हाउस."

"सोलरहाउस डॉट कॉम ना?"

"नाही मामा, कॉम नाही."

"मग पुढे काय?"

हा संवाद तिसऱ्या वाक्यापुढे गेला की नाव बाद. असं नाव घेणाऱ्याची निम्मी मेल दुसऱ्याच्याच डॉट कॉमवर जाणार.

३. एक्स्टेन्शनचा मालक कोण ते शोधा

दोन अक्षरी एक्स्टेन्शन देशाचं किंवा प्रदेशाचं असतं. त्याचे भाव आणि नियम तिथलेच. डॉट एआय अँग्विला या कॅरिबियन बेटाचं, आणि किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात. डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं. तिथली चागोस बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या, आणि त्या एक्स्टेन्शनच्या भवितव्याची चर्चा आहे. आयओमध्ये नवी मोठी रक्कम मी तरी घालणार नाही.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे आणि मराठीतही नाव घेता येतं. स्वतःच्या दुकानासाठी, मासिकासाठी जरूर घ्या. पुढे विकायला म्हणून नको, गिऱ्हाईक फार थोडं.

४. ट्रेडमार्कच्या वाटेला जाऊ नका

'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली होती. आता तर कोर्टात न जाताही आयकॅनच्या तक्रार प्रक्रियेतून नाव काढून घेतात. सर्वसामान्य शब्दांपुरतंच राहा.

५. विक्री

भाव ठरवण्याआधी नेमबायो या साइटवर त्याच एक्स्टेन्शनचे जुने सौदे पाहा. डॉट कॉमचे पाहून स्वप्नं रंगवू नका. नाव सेडो किंवा आफ्टरनिक या डोमेन विकायच्या साइटवर लावा. गिऱ्हाईक सापडलं तर पैसे एस्क्रोमध्ये (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे) जमा झाल्याशिवाय ट्रान्सफरचा ऑथ कोड (नाव हलवायचा पासवर्ड) देऊ नका. नव्याने रजिस्टर केलेलं नाव पहिले ६० दिवस बहुधा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

६. संख्या आवरा

वीस नावं, प्रत्येकी ३,००० रिन्युअल, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये. वर्षात एकही विकलं नाही तरी ते जातातच, आणि न विकलं जाण्याचीच शक्यता जास्त. नवख्याने तीनच नावं घ्यावीत. रिन्युअलच्या महिनाभर आधी मोबाइलमध्ये आठवण लावावी, ऑटो रिन्यू बंद ठेवावं आणि ज्याची एकदाही विचारणा आली नाही ते सोडून द्यावं.

माझं ते ९९चं नाव मी सोडलं. सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी सहज शोधून पाहिलं, कोणी घेतलं का. तिथेच होतं, ९९ रुपयांना.