व्हॉल्यूम कंट्रोल बदलताना या चुका टाळा

खरखर आली की पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा फिरता रेझिस्टर) बदलायचा, ही सगळ्यात महागात पडणारी घाई. राजारामपुरीतल्या एका घरच्या, ‘५२००’ नंबरचे ट्रान्झिस्टर असलेल्या अॅम्पमध्ये नवा पॉट टाकला की थोडे दिवस शांत, मग पुन्हा तेच. खापर फुटलं कोल्हापूरच्या पावसावर, दमट हवेवर. गळत होता तो प्रीअॅम्पच्या (पॉटच्या आधीच्या छोट्या अॅम्पच्या) आउटपुटचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. अशा गळतीने पॉटवर डीसी (स्थिर व्होल्टेज) बसला की कितीही भारी पॉट घ्या, फिरवताना तो खरखरणारच.

म्हणून पॉट काढण्याआधी मोजा. गाणं बंद, अॅम्प चालू, आवाज अर्ध्यावर, मल्टिमीटर डीसीवर. एक टोक पॉटच्या मधल्या पायाला, दुसरं ग्राउंडला. पाच-दहा मिलिव्होल्ट सोडून द्या. शंभरच्या वर गेलं तर प्रीअॅम्पची वायर पॉटपासून सोडवा. डीसी गेला तर तिकडचा कपॅसिटर बदला. राहिला तर तो पॉवर अॅम्पच्या इनपुटकडून येतोय, तिथे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर टाका. बेस कमी होत नाही.

दुसरं, ‘बी’ छापलेला पॉट. बी म्हणजे लिनिअर. अर्धा फिरवला तरी आवाज फुल्लपेक्षा जेमतेम ६ डीबी (डेसिबल) उतरतो, त्यामुळे सगळा खेळ पहिल्या पाव फेरीतच संपतो. नवशिके म्हणतात, "नाद खुळा, जरा फिरवला की भिंती हलतात!" ती ताकद अॅम्पची नव्हे, चुकीच्या पॉटची. ‘ए’ (लॉग) छापलेला, ५० के (५० हजार ओहम), दोन गँगचा, म्हणजे एकाच दांड्यावर डाव्या-उजव्यासाठी दोन पॉट असलेला, घ्या. मिळालाच नाही तर १०० के बी घेऊन प्रत्येक गँगच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १५ के लावा. जुगाड आहे, पण अर्ध्या फेरीला आवाज साधारण १५ डीबी उतरतो. मात्र पूर्ण आवाजावर प्रीअॅम्पला १३ केचा भार पडतो, दुबळ्या प्रीअॅम्पला तो झेपत नाही.

दुकानातच दोन्ही गँग मधल्या पायापासून ग्राउंडच्या पायापर्यंत मोजा. एका बाजूला ५०० ओहम असताना दुसरीकडे ४५० ते ५५० हवेत. नाहीतर रात्री हळू लावल्यावर एकच स्पीकर वाजेल.

आवाज एकदम फुल्ल, कमीच होत नाही? ग्राउंडचा पाय सुटलाय. उलटा फिरतोय? कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा. नॉबला हात लावला की हम (घूं असा आवाज) बदलतो? पॉटची बॉडी ग्राउंडला जोडा, पण सोल्डर करायच्या नादात ती भाजू नका. नटाखाली टॅग वॉशर (वायर जोडायची पट्टी असलेला) घाला. ग्राउंडची वेगळी वायर असेल तर शिल्डेड वायरची जाळी एकाच टोकाला जोडायची.

पॉटमध्ये डब्ल्यूडी-४० मारणाऱ्यांना काय सांगायचं! कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो वापरा.