बाळंतपणानंतरचा व्यायाम: या चुका टाळा

सव्वा महिना सरला की थेट क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट म्हणून ही चूक मी इतक्यांदा पाहते की आता जीव तुटतो. पोट कमी करायला म्हणून जे करतात, त्यानेच ते आणखी पुढे येऊ शकतं.

एक बाळंतीण आली होती, धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मोबाइलवरचे व्हिडिओ लावून रोज क्रंचेस, वर प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरणं). पोट तसंच, उलट कंबर धरलेली. तिला उताणं झोपवून, गुडघे वाकवून, डोकं जरा उचलायला सांगितलं, तर पोटाच्या मधोमध करंजीसारखा उंचवटा आला. बेंबीपाशी माझी तीन बोटं आडवी आत बसली. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात, त्यांना जोडणारा पडदा ताणून पातळ होतो. क्रंचेसचा सगळा दाब नेमका त्याच जागी येतो.

तिचं सगळं बंद केलं. श्वास सोडत खालचं पोट हळूच आत घेणं आणि झोपून एकेक टाच सरकवणं, बस्स. "याने काय होणार?" म्हणून ती रुसली. लग्नापर्यंत पोट सपाट झालं नाहीच. पण कंबर दुखायची थांबली, आणि पुढच्या काही महिन्यांत फट दोन बोटांच्या आत आली. तुम्हीही सुरुवातीला ही तपासणी करा. दोनाहून जास्त बोटं बसली किंवा उंचवटा दिसला, तर व्हिडिओ बंद करून फिजिओला गाठा.

दुसरी चूक गप्प बसण्याची. शिंकलं, खोकलं, हसलं की लघवीचे थेंब येतात, आणि घरातल्या मोठ्या बायका सांगतात, "बाळंतपणानंतर व्हायचंच." पुष्कळ जणींना होतं, हे खरं, पण ते सोसत राहायची गरज नाही. वारा आणि लघवी एकदम रोखून धरतो तसे खालचे स्नायू वर ओढायचे, पाचपर्यंत मोजायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. मी प्रत्येकीला सांगते, बाळाला पाजायला बसलात की करा. वेगळा वेळ काढायला गेलात तर राहूनच जातं. थेंब येत असतील तोवर दोरीवरच्या उड्या नकोत. पळणं तर कुणीच बारा आठवड्यांच्या आत सुरू करू नये.

पोटपट्ट्याने चरबी जात नाही. सिझरनंतर चालताना आधार म्हणून ठीक, पण करकचून बांधलात तर दाब खाली, लघवी रोखणाऱ्या त्याच स्नायूंवर जातो. सिझरचे टाके वरून वाळले म्हणजे आतून भरले असं नाही. वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा. याउलट महिनाभर नुसतं पलंगावर पडून राहणंही वाईट, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. घरातल्या घरात चाला. आणि कृपा करून उपाशी राहू नका: पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंकाचा लाडू खा.

चालल्यावर अंगावरून जाणारा स्राव पुन्हा लालभडक झाला, तर दोन दिवस थांबा. पॅड तासाभरात भिजलं, एकच पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर ताबडतोब दवाखान्यात जा.