बाजाराचं ओरिएंटॅलिस्ट चित्र समोर आलं तर वर्णन कसं लिहायचं

आर्ट हिस्ट्रीच्या पेपरात असं चित्र, म्हणजे युरोपियन चित्रकाराने रंगवलेलं 'पूर्वेकडचं' दृश्य, आलं की बहुतेक जण सुरुवातच 'गूढरम्य पूर्वेचं मनोहारी दर्शन' अशी करतात. ते आधी बंद करा. चित्रकाराला आपल्याला जे वाटायला लावायचं होतं तेच आपण परत लिहितो, त्यात वर्णन कुठे आलं?

फ्रेंच चित्रकार जेरोमचं 'द कार्पेट मर्चंट' घ्या, 1887 च्या सुमाराचं, आता अमेरिकेत मिनियापोलिसच्या म्युझियममध्ये आहे. आधी नुसतं बघा आणि दिसेल ते साध्या शब्दांत उतरवा, म्हणजे कैरोचा गालिच्यांचा बाजार, उंच दगडी भिंतींचं आवार, वरून खाली सोडलेला एक भलामोठा गालिचा, फरशीवर अजून गालिचे पसरलेले आणि पागोटी घातलेली माणसं तो टांगलेला माल निरखत उभी. 'अरबी बाजार' असं मोघम लिहू नका, शहर माहीत आहे ना, मग कैरो लिहा.

मग मापं बघा. गालिचा माणसांच्या डोक्यावरून कितीतरी उंच गेलाय, म्हणजे चित्राचा हिरो तोच, माणसं त्याच्यापुढे लहान. हे एक वाक्य लिहिलंत तरी रंगांची यादी देण्यापेक्षा बरं.

रंग कसा लावलाय तेही सांगा. जेरोमच्या चित्रात ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही, सगळं गुळगुळीत, फोटो काढल्यासारखं, आणि तिथेच आपण फसतो, वाटतं हे असंच होतं. हा बाबा इजिप्तला अनेकदा जाऊन आलेला हे खरं, पण पॅरिसला एकोल दे बोझार्ट या कलाशाळेत प्रोफेसर होता आणि तिथल्या स्टुडिओत स्केचेस, फोटो, जमवलेल्या वस्तू यांच्या जोरावर चित्रं जुळवायचा. म्हणून 'तेव्हाचं कैरो असं होतं' न लिहिता 'जेरोम कैरो असं दाखवतो' लिहा, मार्क इथेच मिळतात.

आता चित्रात काय नाही ते. कला-इतिहासकार लिंडा नॉखलिनने 1983 मध्ये अशा चित्रांबद्दल हाच मुद्दा मांडला, की बघणारा युरोपियन चित्रातून गायब असतो आणि काळही थांबलेला असतो. इथे लावून बघा: 1882 पासून इंग्रजांची फौज इजिप्तमध्ये ठाण मांडून होती पण या आवारात एकही टोपीकर नाही! मात्र म्हणून सगळं चित्रच खोटं असं ठोकून देऊ नका, गालिच्याची नक्षी त्याने खरंच जीव ओतून काढलीय, तेही लिहा.

तुलनेला आपले चित्रकार धुरंधर चालतील, मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकून तिथेच शिकवणारे, मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांनीही काढली पण राहत्या शहरातली. पेपरात वेळ उरला तरच हा पॅरा लिहा, नाहीतर जेरोमवरच थांबलात तरी चालतंय.