ट्रंकेत १९७१ चं पिस्तूल सापडलं, तर पहिल्या दिवशी काय करायचं

फौजेतले वडील गेल्यावर त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली जाते. गणवेशाच्या घडीखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल, शेजारी हिरवट पडलेली पाच-सहा काडतुसं. ‘बांगलादेशच्या लढाईतलं आहे’ एवढंच कुणीतरी कधी ऐकलेलं असतं.

लढाईत शत्रूकडून घेतलेलं हत्यार सैनिकाचं नसतं, सरकारजमा असतं. साहेबांनी तोंडी ‘ठेव’ म्हटलं असेल, तरी तो परवाना होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे विनापरवाना बंदुकीला किमान २ वर्षं कैद आहे. बंदी प्रकारातल्या हत्याराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं. ९ मिमीचं पिस्तूल बंदी बोअरमध्येच (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) येतं, त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. लढाईतून आलेली बहुतेक हत्यारं इथेच अडकतात.

घरच्यांना मात्र एक आधार आहे. गुन्ह्याला जाणीवपूर्वक ताबा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केलंय. ट्रंकेत काय आहे हे ठाऊक नव्हतं तोवर तुमचा ताबा जाणीवपूर्वक नव्हता. फडकं उलगडलंत की जाणीव आली. म्हणून ‘दहावं-तेरावं होऊ दे, मग बघू’ हा विचार सगळ्यात महागात पडतो.

चापाला, घोड्याला, मॅगझिनला हात लावू नका. आत गोळी असू शकते. आहे तिथेच दोन-तीन फोटो घ्या, ट्रंकेला कुलूप लावा, चावी एकाच माणसाकडे ठेवा. गंज घासून काढू नका. त्यात नंबर पुसला गेला, तर ओळखखुणा मिटवल्याचा वेगळा आरोप येऊ शकतो. हातबॉम्ब किंवा तसं काही दिसलं तर सगळ्यांना बाहेर काढून थेट ११२.

त्याच दिवशी वकिलाशी बोला. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये बेकायदा झालेलं हत्यार विनाविलंब ठाण्यात जमा करायला सांगितलंय, पण ते माफीचं कलम नाही. त्यामुळे हत्यार कधी, कुठे, कुणाला सापडलं याचा लेखी अर्ज आधी तयार हवा. सोबत मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुकची (फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेची) प्रत. हत्यार स्कूटरच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊ नका. वाटेत नाकाबंदीत सापडलात, तर अर्ज खिशात असूनही समजावत बसावं लागेल. पोलिसांना घरी बोलवा, पंचनामा करून घ्या. पोचपावतीत हत्यार कोणत्या कंपनीचं, नंबर, बोअर आणि काडतुसांची मोजून संख्या हवी. स्टेशन डायरीचा (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीचा) नोंद क्रमांकही मागून घ्या. पावती नसेल तर हत्यार कुठे गेलं, हे पुढे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

‘जुनं आहे, घरात ठेवलं तरी हरकत नाही’ हे ऐकू नका. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. १९७१ चं पिस्तूल तेल घातलं की बहुधा चालतं. लेथवर नळी बुजवून आणायची कल्पना तर सोडाच: सुटे भागही कायद्याने शस्त्रात धरले जातात आणि लेथवाल्याकडे त्या कामाचा परवाना नसतो.

आठवण जपायची असेल, तर हत्यार पोलिसांच्या ताब्यात असतानाच वडिलांच्या रेजिमेंटल सेंटरला (रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला) लिहा आणि ते तिथे जतन करता येईल का, हे विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्रात सर्व्हिस नंबर, बटालियन आणि पंचनाम्यातला हत्याराचा नंबर द्या, आणि त्या पत्राची प्रत ठाण्यात व परवाना अधिकाऱ्याकडे (शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी) आवक-शिक्क्यासह द्या.