अग्निवीरचा फॉर्म भरताय? आधी जाहिरातीतले शब्द समजून घ्या

हडपसर गाडीतळाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाकडे पुण्याबरोबर अहिल्यानगर, बीड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर हे जिल्हे येतात. त्यामुळे अग्निवीरची, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीची, जाहिरात निघाली की सोलापूर रोडला उतरणारी पोरं बॅग पाठीवर घेऊन थेट दुकानात येतात. ग्राउंडची तयारी जोरात असते, जाहिरात मात्र फार थोड्यांनी वाचलेली असते. पहाटे उठून घाम गाळलेला पोरगा कागदापायी घरी गेला की जीव तुटतो.

आई-वडील बरोबर असले तर पहिला प्रश्न ठरलेला, ‘ताई, हे चार वर्षं सक्तीचं आहे का?’ आपल्या देशात सक्तीची लष्करी सेवा नाही. दक्षिण कोरिया, इस्राईल, सिंगापूर या देशांत कायद्यानेच तरुणांना ठरावीक काळ सैन्यात जावं लागतं. आपल्याकडे जो जातो तो स्वतःच्या इच्छेने. पण एकदा भरती झालात की चार वर्षं पुरी करायची असतात. मन लागत नाही म्हणून मधेच निघून येता येत नाही. फार अपवादात्मक कारण असेल तरच, तेही वरून मंजुरी मिळाली तर.

‘सेवा निधी’ हा शब्द वाचून बरेच वडील पेन्शन समजतात. तसं नाही. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000, त्यातले 9,000 या निधीत कापले जातात आणि हातात 21,000 येतात. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालतं. चार वर्षांनी साधारण 10 लाख आणि वर व्याज, असं एकरकमी मिळतं. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के, बाकीच्यांना पेन्शन नाही. कर्ज काढून अकॅडमीची फी भरणाऱ्या घराने हा हिशेब आधी मांडावा.

आता फॉर्म. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. अकॅडमीच्या सरांचा नको, माझ्या दुकानाचा तर नकोच. अ‍ॅडमिट कार्डाची खबर त्यावरच येते.

नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आमच्याकडचे ज्ञानेश्वर घ्या. मार्कशीटवर इंग्रजीत ‘डी-एन-वाय’, आधारवर ‘डी-वाय’, जातीच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. शिवाय मार्कशीटवर आडनाव पुढे आणि आधारवर मागे. जाहिरातीची वाट बघत बसू नका, आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या. वडिलांच्या आणि आईच्या नावाचं स्पेलिंगही तपासा.

वयाची अट ‘इतकी वर्षं’ अशी तोंडी ऐकू नका. जाहिरातीत दोन तारखा छापलेल्या असतात, जन्मतारीख त्यांच्या आत बसते का ते बोट ठेवून बघा.

‘सीईई’ म्हणजे कॉम्प्युटरवरची लेखी परीक्षा, ती आता रॅलीच्या, म्हणजे ग्राउंड, कागदपत्रं आणि मेडिकलच्या, आधी होते. चुकलेल्या उत्तराला मार्क कापतात, तेव्हा अंदाजाने गोळ्या मारू नका. यात नाव लागलं तरच ग्राउंड.

ग्राउंडचे मार्क माहीत असू द्या. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर 60, बीमवर दहा पुल-अप काढले तर 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅगला (वाकड्यातिकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) मार्क नसतात, पण ते पार करावेच लागतात.

रॅलीला जाताना सरपंचाचा वर्तणुकीचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो. दोन्हींवर फोटो हवा आणि दोन्ही सहा महिन्यांच्या आतले हवेत. मागच्या भरतीचा जुना दाखला चालत नाही. सरपंच गावात नसले की दोन दिवस जातात, म्हणून लवकर काढा. नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच करा. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचे, ताजे, मोबाइलवर गोरे न केलेले.

टॅटूचं आधी बघा. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढंच सर्वसाधारणपणे चालतं. जत्रेत दंडावर नाव गोंदवून घेऊ नका रे.

आणि मेडिकलच्या चिठ्ठीवर ‘टेम्पररी अनफिट’ लिहून आलं तर रडत एसटीत बसू नका. ‘परमनंट’ वेगळं, ‘टेम्पररी’ वेगळं. कानातला मळ असल्या साध्या कारणानेही टेम्पररी काढतात. मळ डॉक्टरकडून आधीच साफ करून घ्या, काडी घालू नका. चिठ्ठीवर कोणत्या मिलिटरी हॉस्पिटलला, कोणत्या तारखेपर्यंत पुन्हा तपासणीला जायचं ते लिहिलेलं असतं. तारीख आधी वाचा, मग घरी फोन करा. त्या गेटबाहेर ‘मी फिट करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका आणि आपला कागद त्याच्या हातात जाऊ देऊ नका.