वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस नोंद: माझा अनुभव

वडील मृत्युपत्र न करता गेले. जमीन आमच्या नावावर करायची तर खरी अडचण नावाचीच निघाली. सातबाऱ्यावर 'नाना', मृत्यू दाखल्यावर 'नारायण'. तलाठी म्हणाले, "दोघं एकच, हे कागदावर दाखवा."

मग वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला, रेशनकार्ड आणि सोसायटीच्या कर्जाचं जुनं पासबुक जोडलं आणि नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. त्याच प्रतिज्ञापत्रात सगळ्या वारसांची वंशावळ दिली. आई आणि लग्न झालेल्या दोन्ही बहिणींसकट. गावात कुणी म्हणेल, मुलींची नावं कशाला? त्यांचा हक्क आहे म्हणून. नाव वगळलं तर हरकत येते आणि नोंद वादात अडकते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तो तिच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने.

वारस नोंदीचा अर्ज महसूल विभागाच्या ई-हक्क या पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. फेरफार नोंदवहीत (जमिनीच्या नोंदीतले बदल जिथे लिहितात तिथे) नोंद धरली गेली, नोटिसा निघाल्या. हरकतीची मुदत १५ दिवस. ती संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. कायद्याने वारसांनी मृत्यूनंतर ३ महिन्यांत कळवायचं असतं, म्हणून मृत्यू दाखल्याच्या जास्त प्रती सुरुवातीलाच काढा.

या नोंदीने वाटणी होत नाही, फक्त नावं लागतात. शेअर्स किंवा नॉमिनी नसलेल्या ठेवींची रक्कम मोठी असेल तर बँक किंवा कंपनी बहुधा दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. ते काम वेगळं, वकिलामार्फत करा.