घरी चाली बांधायला जुना कीबोर्ड घ्यायचाय? पैसे पट्ट्यांचे मोजा

चाल बांधायला कीबोर्ड घ्यायचाय, असं कोल्हापुरात चारचौघांत बोलून बघा. एक जण विचारतो, टोन किती आहेत? दुसरा सांगतो, इंडियन रिदम असलेलाच घे. तिसऱ्याला स्पीकर खणखणीत पाहिजे असतो आणि चौथा सरळ मिरजेला पाठवतो. लग्नात नाहीतर गणपतीत वाजवणाऱ्याला यातलं काही कामाला येईलही. घरी लॅपटॉपवर गाणं रचणाऱ्याला यातल्या कशाचाच उपयोग नाही. त्याचा आवाज लॅपटॉपमधून येणार, ठेका लॅपटॉपमधून येणार आणि ऐकणं हेडफोनवर. कीबोर्डचं काम एवढंच, की बोट जसं पडलं तसंच्या तसं ते लॅपटॉपला कळलं पाहिजे. म्हणून पट्ट्या बघायच्या, पट्ट्यांचेच पैसे द्यायचे.

आणि मिरजेचं नाव सतार-तंबोऱ्यासाठी आहे. जुन्या कीबोर्डसाठी पन्नासेक किलोमीटर जाण्यात काही हशील नाही.

काय घ्यायचं ते आधी ठरवा

पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्या, टच रिस्पॉन्स (बोट हळू पडलं तर आवाज हळू, जोरात पडलं तर मोठा), लॅपटॉपला जोडायची सोय आणि पिच बेंडचं, म्हणजे वाजता स्वर वर-खाली सरकवायचं चाक. ४९ पट्ट्यांवर भागतं, पण डावा हात सारखा ऑक्टेव्हच्या बटणाकडे जातो. पिच बेंड चैनीची गोष्ट नाही. मींड घेता आली नाही तर आपली चाल कोरडीच वाटते. जोडायला यूएसबी नसेल आणि मागे फक्त पाच पिनांची गोल मिडी सॉकेट असतील तरी बिचकू नका. मिडी म्हणजे कुठली पट्टी कधी, कशी दाबली ते सांगणारी वाद्यांची भाषा; ती १९८३ पासून चालत आलीय, आजचा लॅपटॉपही ती समजतो. मध्ये एक मिडी-यूएसबी केबल लागते, आणि तिची 'इन' लिहिलेली पिन कीबोर्डच्या 'आउट'मध्ये घालायची असते. उलटी घालून 'चालत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

टच नसलेली मॉडेल जुन्या बाजारात ढिगानं आहेत. यामाहाचे पीएसआर-एफ५१ आणि पीएसआर-ई२७३, कॅसिओचे सीटी-एस१०० आणि सीटी-एस२०० ही त्यातली. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. पोरांना शिकायला ठीक आहेत. सीटी-एस३०० दिसायला सीटी-एस२०० सारखाच, पण त्याला टच आणि पिच बेंड दोन्ही आहेत. तेव्हा 'कॅसिओ कीबोर्ड, गुड कंडिशन' एवढ्या जाहिरातीवर गाडी बाहेर काढू नका. मॉडेल नंबराचा फोटो आधी मागवा. यूएसबी आहे म्हणजे टच असणारच, हा आणखी एक गैरसमज.

आपल्याकडे जुन्यात हमखास दिसणारे यामाहा पीएसआर-आय४५५, कॅसिओ सीटीके-७३००आयएन आणि रोलँड एक्सपीएस-१० यांना टच आहे. एक्सपीएस-१० बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रात फिरून आलेला असतो, तो दुप्पट बारकाईनं तपासा. एम-ऑडिओच्या कीस्टेशनसारखा मिडी कंट्रोलर मिळाला तर मी तो आधी बघेन. त्याला स्वतःचा आवाज नसतो, त्यामुळे आपल्याकडे गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. कागदावरच्या 'सेमी-वेटेड'वर (थोड्या जड पट्ट्यांवर) मात्र जाऊ नका, एकेका कंपनीचं सेमी-वेटेड वेगळं असतं. बोटाला काय लागतं तेवढंच खरं.

८८ पट्ट्यांचा, पियानोसारख्या जड पट्टीचा हॅमर अॅक्शनवाला घे, असं हल्ली सगळे व्हिडिओ सांगतात. पियानो वाजवणार असाल तर जरूर घ्या. हात हार्मोनियमवर बसला असेल तर थांबा. हॅमरच्या जड पट्टीवर जलद हरकती आणि बासरीचे तुकडे अडखळतात. यामाहा पी-४५ हा उत्तम डिजिटल पियानो आहे, पण साडेअकरा किलोचा, आणि त्याला पिच बेंडचं चाकच नाही.

कुठं शोधायचं

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस तर आहेच, पण चांगला माल कीबोर्ड क्लासच्या सरांकडून कळतो. पोरगं दहावीत गेलं की क्लास बंद होतो आणि कीबोर्ड माळ्यावर जातो. राजारामपुरीत, नागाळा पार्कात, रुईकर कॉलनीत असे कितीतरी पडून आहेत. एप्रिल-मे ते जूनपर्यंत विचारत राहा. गणपतीच्या तोंडावर घ्यायला जाऊ नका, तेव्हा वाजवणारेही शोधत असतात. परगावच्या विक्रेत्याला टोकन पाठवायचं नाही. 'बदली झालीय, लगेच विकायचाय, कुरिअर करतो' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. हात लावून बघितल्याशिवाय पट्ट्या कळत नाहीत, त्यामुळे कुरिअरचा प्रश्नच येत नाही.

जाताना लॅपटॉप, प्रिंटरला असते तसली यूएसबी केबल, हेडफोन आणि त्याची मोठी पिन, एवढं घ्या. यामाहाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर लागतो, तो घरूनच टाकून न्या. शिवाय आलेली मिडी आकड्यांत दाखवणारा एखादा फुकटचा मॉनिटर प्रोग्राम टाका. विंडोजवर मिडी-ऑक्स चालतो.

आता पट्ट्या

इथंच सगळे फसतात, आणि हे नीट जमायला मलाही वेळ लागला. विक्रेता कीबोर्ड पलंगावर मांडतो, बटण दाबतो, रिदम सुरू करतो आणि आवाज फुल्ल. त्या गदारोळात कुठलाही कीबोर्ड भारीच वाटतो. त्याला नम्रपणे सांगा, दादा, जरा बंद करा. पहिली तपासणी बंद कीबोर्डवरच होते.

तो टेबलावर ठेवायला लावा; पलंगाच्या गादीवर काहीच कळत नाही. वाकून डोळे पट्ट्यांच्या पातळीला आणा आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एका रेषेत हव्यात. एखादी खाली बसलेली असेल तर तिची स्प्रिंग गेलीय नाहीतर आतलं काही तुटलंय. मग मधल्या सप्तकातली एक पट्टी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा आणि लगेच अगदी टोकाची पट्टी तशीच हलवा. थोडी हालचाल सगळ्यांना असते, तिला घाबरू नका. मधल्या आणि टोकाच्या पट्टीत फरक जाणवला तर मधली झिजलीय. टोकाच्या पट्ट्यांना सहसा कुणी हात लावत नाही, त्यामुळे कीबोर्ड नवा असताना कसा होता ते त्याच सांगतात. पट्ट्यांवर 'सा रे ग म'ची स्टिकरं चिकटवलेली असली तर उलट बरं. पोराचा हात तेवढ्या एका सप्तकातच फिरलाय, बाकीच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या.

यानंतरची तपासणी फारसं कुणी सांगत नाही. पांढरी पट्टी पुढच्या कडेला दाबायची नाही, मागे दाबायची, दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये. स्वस्त कीबोर्डमध्ये पट्टी आत आखूड असते, त्यामुळे मागे दाबायला दुप्पट जोर लागतो. पांढरी एकमध्ये वाजवणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. काळी एक, काळी चार, काळी पाच अशा सुरांत (काळ्या पट्टीवर सा धरून) गाणाऱ्यांसाठी चाल बांधायची तर बोटं सारखी तिथंच जातात, आणि तिथं पट्टी दगडासारखी लागली की तान लंगडते. ट्रान्सपोज (बटणानं सगळे स्वर वर-खाली सरकवणं) वापर म्हणणारे म्हणोत. काळी पाचमध्ये भैरवीचे स्वर घेऊन बघा आणि मगच बोला.

बंद कीबोर्डवरच एकदा जोरात वाजवून खडखडाट ऐका. शेजारच्या माइकवर गाणं रेकॉर्ड करणार असाल तर ही खटखट त्यात येणार. मधल्या पट्ट्यांचाच आवाज टोकाच्यांपेक्षा मोठा असेल तर खालचा फेल्ट, म्हणजे मऊ कापडी गादी, दबलाय. तो बदलता येतो.

आता कीबोर्ड लॅपटॉपला जोडा, मॉनिटर उघडा आणि कान बंद, डोळे उघडे. प्रत्येक पट्टी दाबली की वेलॉसिटीचा एक आकडा दिसतो, १ ते १२७. हा आकडा बोटाच्या जोराचा नसतो, वेगाचा असतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके असतात. एक आधी टेकतो, दुसरा मागोमाग. दोघांमधला वेळ मोजून कीबोर्ड ठरवतो, बोट किती झपाट्यानं आलं. हे डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे रोग आपोआप ओळखता येतात.

एकच पट्टी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात, अशी दाबत राहा. हळूला वीस-तीसच्या आसपास, मध्यमला साठ-सत्तर, जोराला शंभराच्या वर, आणि मधले आकडेही मधूनमधून दिसले, तर कीबोर्ड घेण्यासारखा आहे. दरवेळी तोच आकडा आला तर टच नाही किंवा कुणीतरी बंद करून ठेवलाय. मेन्यूत टच सुरू करून पुन्हा बघा. हळूला चाळीस आणि मध्यमलाच एकदम १२७, मध्ये काहीच नाही, असं झालं तर टचची सेटिंग बदलून बघा. तरीही तसंच राहिलं तर नमस्कार करून उठा. अशा कीबोर्डवर हळवं काही वाजवता येत नाही, सगळी चाल ओरडल्यासारखी रेकॉर्ड होते आणि मग माउसनं एकेक स्वर खाली ओढत बसावं लागतं.

मग ६१ च्या ६१ पट्ट्या ओळीनं, एकाच हलक्या हातानं दाबा. कंटाळवाणं आहे, विक्रेत्याची आई दुसरा चहा विचारून जाते, पण गाळू नका. शेजारच्या पट्ट्या पन्नासला आणि एकच १२०ला उडाली, तर तिचा पहिला ठिपका मळलाय. तो उशिरा टेकतो, दोघांतला वेळ कमी भरतो आणि कीबोर्डला वाटतं बोट झपाट्यानं आलं. एखादी पट्टी मुकी असेल तर बहुधा दुसरा ठिपका मळलेला असतो. असे दोष दोन-चार पट्ट्यांत असतील तर खुशाल घ्या, भाव मात्र पाडून. खालचे स्क्रू काढून रबर उचलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ठिपके आणि खालचं सर्किट हलकेच पुसायचं, वाळू द्यायचं. ज्याला सोल्डरिंग गन धरता येते त्याला हे जमतं. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे इथं मारणाऱ्यापासून लांब राहा, कार्बनची वाट लागते. सगळ्या कीबोर्डभर आकडे वेडेवाकडे येत असतील तर स्वस्तातही नको.

आपल्याकडची दोन खास कारणं सांगतो. एक, खंडेनवमी. वाद्याची पूजा होते, हळद-कुंकू वाहिलं जातं आणि ते फटींतून आत उतरतं. टॉर्च मारून पट्ट्यांच्या मधे बघा, लालसर पूड दिसतेच. त्या भागातल्या पट्ट्यांचे आकडे दोनदा तपासा. दुसरं, पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरलेल्या घरांतलं सामान पुसूनपासून विकलं गेलंय. कीबोर्ड उलटा करा आणि स्क्रूच्या खोल भोकांत टॉर्च मारा. स्क्रू गंजलेले किंवा भोकात वाळलेला गाळ दिसला तर आवाज कितीही गोड असो, घ्यायचा नाही. बाहेरून पुसता येतं, त्या भोकांतलं कुणी पुसत नाही.

भाव

त्याच तोडीचा नवा आज कितीला मिळतो ते दुकानात विचारून जा आणि निम्म्याच्या वर चढू नका. 'चार वर्षांपूर्वी इतक्याला घेतला होता' हे ऐकून घ्यायचं, त्यावर बोलायचं नाही. स्टँड, बॅग, कव्हर यांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. मळक्या पट्टीचा दोष स्क्रीनवरचा आकडा दाखवून सांगा, म्हणजे वाद होत नाही.

अडॅप्टर मूळचा आहे का बघा. यामाहाच्या बहुतेक घरगुती कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या अलीकडच्या मॉडेलना ९.५. पिन बसली म्हणून कुठलाही लावू नका, पिनेतलं अधिक-उणं उलट असू शकतं. कीबोर्डवरची खूण आणि अडॅप्टरवरची खूण जुळली पाहिजे.

घरी आणल्यावर

मेन्यूत लोकल कंट्रोल ऑफ करा, नाहीतर कीबोर्डचा आणि लॅपटॉपचा असे दोन आवाज एकदम येतात. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा आला तर कीबोर्डला नावं ठेवू नका, तो दोष लॅपटॉपच्या साउंडचा असतो. विंडोजवर एएसआयओ (आवाज लवकर पोचवणारा) ड्रायव्हर निवडून बफर, म्हणजे आवाज साठवायची जागा, २५६ वर आणा, लॅपटॉप झेपवत असेल तर १२८ वर.